सतरा ध्येयांचा तक्ता भरण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा: विकास आराखड्याला १७ बाय १७ चा तक्ता जोडायचा आहे. शाश्वत विकासाचे कोणते ध्येय कोणाला हात देते (सिनर्जी) आणि कोणते कोणाच्या पायात पाय घालते (ट्रेड-ऑफ), हे प्रत्येक चौकटीत अधिक-उणे चिन्हाने दाखवायचे आहे. उपलब्ध आकडेवारीवरून संगणकानेच तो भरला तर चालेल का? आणि जिथे उणे येईल तिथे पुढे काय करायचे?

पाणी आणि ऊर्जेच्या योजनांची मूल्यमापने करण्यात माझी वीसेक वर्षे गेली. असे तक्ते मी भरले आहेत, इतरांकडून भरून घेतले आहेत आणि एकदा तर स्वतः सही केलेला तक्ता वर्षभराने मागे घेतला आहे. म्हणून आधी उत्तर देतो, कारणे मागून. ‘ध्येय ७ चे ध्येय ६ शी जमते का?’ या प्रश्नाला उत्तरच नाही. ‘परवडणारी स्वच्छ ऊर्जा’ आणि ‘शुद्ध पाणी’ ही दोन वाक्ये कागदावर सुखाने शेजारी नांदतात. बिनसते ते पुढे, कोणीतरी ती ऊर्जा एखाद्या यंत्रातून, एखाद्या जमिनीवर, एखाद्या नियमाखाली वापरू लागतो तेव्हा. अधिक-उणे हे चिन्ह साधनाला, जागेला आणि काळाला चिकटलेले असते. चौकट भरण्याआधी ती फोडावी लागते ती त्यामुळे.

सौरपंपाचे घ्या. पंप डिझेलवर असतो तेव्हा शेतकऱ्याच्या डोक्यात सतत हिशेब चालू असतो. तासातासाला टाकीतले डिझेल उतरते. पीक भिजले की इंजिन बंद करायला हात आपोआप जातो. पॅनेल एकदा बसले की पुढच्या तासाच्या पाण्याला काहीच खर्च नाही. ऊन आहे तोवर पंप चालतो. शेत भिजून पाणी बांधाबाहेर गेले तरी पंप बंद करण्याचे कारण उरत नाही. आता हाच पंप दोन ठिकाणी ठेवून पाहा. गंगेच्या खालच्या खोऱ्यात, नेपाळच्या तराईत, बांगलादेशात भूजल वरवर आहे आणि पावसाळ्यात बऱ्याच भागांत ते पुन्हा भरते. तिथे गरीब शेतकरी दुसऱ्याच्या डिझेल पंपाचे पाणी तासाच्या भाड्याने घेतो. सौरपंप आला की त्याचा खर्च उतरतो, दुसरे पीक निघते, धूर थांबतो. भूक, गरिबी, ऊर्जा, हवामान, सगळीकडे अधिक. तोच पंप कठीण खडकाच्या प्रदेशात बसवा, जिथे उपसा आधीच भरणीच्या पुढे गेला आहे. पहिली काही वर्षे चित्र तसेच देखणे दिसते. मग शेजारच्या उथळ विहिरी आटतात, आणि ज्यांच्याकडे पॅनेल नाही त्यांचे पिण्याचे पाणी जाते. मी मागे घेतलेला तक्ता नेमका हाच होता. दोन भिन्न भूस्तरांच्या प्रदेशांना मी एकाच चौकटीत बसवून एकच ‘अधिक दोन’, म्हणजे ‘एकाने दुसऱ्याला थेट बळ’, असा गुण दिला होता.

गुजरातेतल्या खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावात २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या पुढाकाराने एक वेगळा प्रयोग झाला. सुरुवातीला सहा शेतकऱ्यांनी सहकारी मंडळी काढली, सौरपंप वीजवाहिनीला जोडले आणि सिंचनाला न लागलेली वीज वितरण कंपनीला विकायचा दीर्घ मुदतीचा करार केला. पॅनेल तेच, पंप तोच. फक्त फुकटच्या उन्हाला आता गिऱ्हाईक मिळाले. पाणी उपसताना शेतकरी विजेचे उत्पन्न सोडतो आहे हे त्याला दिसू लागते. कल्पनेचे मर्म एवढेच. मात्र हे आपोआप फळते असे समजू नका. वीज विकून जे मिळते ते पाणी वापरून किंवा शेजाऱ्याला विकून मिळणाऱ्या पैशापेक्षा कमी असेल तर माणूस पाणीच विकणार, आणि त्यात त्याचे चूक काही नाही. तरी मुद्दा उरतोच: ध्येये बदलली नाहीत, यंत्र बदलले नाही, एका तारेने आणि एका कराराने उण्याकडे झुकणारे चिन्ह दुसऱ्या बाजूला सरकू शकते. तक्त्यात ‘ध्येय ७ विरुद्ध ध्येय ६’ असे लिहिले असते तर ही तार कुणाला सुचलीच नसती.

आता जरा मागे जातो. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने सप्टेंबर २०१५ मध्ये अजेंडा २०३० स्वीकारला, त्यात १७ ध्येये आणि त्या ध्येयांच्या पोटातली १६९ नेमकी लक्ष्ये आहेत, आणि ती ‘एकात्म व अविभाज्य’ आहेत असे त्यातच म्हटले आहे. म्हणायला सोपे. आधीच्या सहस्रक विकास ध्येयांची संख्या ८ होती आणि ती बहुतांशी गरीब देशांनी पुरी करायची होती. तिथे भांडणाला वाव कमी होता. २०१५ नंतर हवामान, समुद्र, उपभोग, शहरे, विषमता सगळेच एका पंगतीत बसले, आणि पंगतीत कोण कोणाच्या ताटात हात घालतो हा प्रश्न उभा राहिला.

या प्रश्नाला सर्वांत कामाचे हत्यार मिळाले ते २०१६ मध्ये. मॉन्स निल्सन, डेव्ह ग्रिग्ज आणि मार्टिन व्हिसबेक यांनी ‘नेचर’मध्ये सात पायऱ्यांची मोजपट्टी मांडली. अधिक ३ म्हणजे एक झाल्याशिवाय दुसरे होतच नाही. अधिक २ म्हणजे एकाने दुसऱ्याला थेट बळ मिळते. अधिक १ म्हणजे वाट मोकळी होते. शून्य म्हणजे देणेघेणे नाही. उणे १ म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत अडसर. उणे २ म्हणजे उलटी ओढ. आणि उणे ३ म्हणजे एक साधले की दुसरे अशक्यच. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय विज्ञान परिषदेने भूक, आरोग्य, ऊर्जा आणि सागरी जीवन या चार ध्येयांवर ही पट्टी लावून ३१६ परस्परसंबंध तपासले. २३८ अधिक निघाले, ६६ उणे आणि १२ तटस्थ. हे आकडे सादरीकरणात फार आवडीने दाखवले जातात, कारण अधिकांची संख्या मोठी आहे. पण संख्या म्हणजे वजन नव्हे. दहा अधिक १ आणि एक उणे ३ असेल तर बेरीज अधिक ७ येते, आणि ती बेरीज निरर्थक असते.

या पट्टीचा खरा उपयोग गुण देण्यात नाही, गुणांवरून होणाऱ्या वादात आहे. एका कार्यशाळेत मी एकच चौकट दोन खोल्यांत दिली: पाटबंधाऱ्यांचा विस्तार आणि नदीतले जीवन. एका खोलीने अधिक १ दिला, दुसरीने उणे २. एकत्र बसवल्यावर कळले की पहिल्या खोलीच्या मनात कालव्यांची दुरुस्ती होती आणि दुसरीच्या मनात नवे धरण. अर्धा दिवस गेला, पण आराखड्यातले ‘सिंचन क्षमता वाढवणे’ हे गुळगुळीत वाक्य त्या दिवशी फुटले आणि त्यातून दोन वेगळी कामे निघाली. गुण जुळले की मला उलट काळजी वाटते. बहुधा कोणी विचारच केलेला नसतो.

दुसरी गोष्ट, ध्येयाच्या पातळीवर थांबू नका, लक्ष्याच्या पातळीवर उतरा. कित्येकदा भांडण एकाच ध्येयाच्या पोटात असते. ध्येय ८ मधले लक्ष्य ८.१ अल्पविकसित देशांना वर्षाला किमान ७ टक्के आर्थिक वाढ गाठायला सांगते, लक्ष्य ८.४ म्हणते वाढीची आणि पर्यावरणाच्या ऱ्हासाची फारकत करा. ध्येय ६ मध्ये याहून मजेदार प्रकार आहे. निर्देशक ६.४.१ पाण्याच्या दर घनमीटरमागे किती मूल्य निघाले ते मोजतो आणि ६.४.२ मोजतो पाण्यावरचा ताण. ठिबक सिंचनाने पहिला निर्देशक झकास सुधारतो. पण शेतातून ‘वाया’ जाणारे जे पाणी आपण वाचवले म्हणतो, त्यातले बरेचसे आधी झिरपून भूजलात किंवा पुन्हा नदीत जात होते. खाली कोणीतरी ते वापरत होते. वाचलेल्या पाण्यावर वरचा शेतकरी आणखी जमीन भिजवतो, जास्त पाण्याचे पीक घेतो, आणि खोऱ्याचा एकूण वापर घटण्याऐवजी वाढू शकतो. कार्यक्षमता वाढली आणि ताणही वाढला. १७ बाय १७ च्या तक्त्यात ध्येय ६ समोर ध्येय ६ ही चौकट काळी केलेली असते. नेमकी तीच चौकट मी सर्वांत आधी उघडतो.

जागेइतकाच काळ फसवतो. पंजाबने २००९ मध्ये भूजल वाचवण्यासाठी कायदा केला: भाताची लावणी १० जूनच्या आधी करायची नाही. तर्क अगदी बरोबर होता. मे-जूनच्या काहिलीत भरलेली खाचरे म्हणजे पाण्याची वाफ करण्याचा कारखाना. लावणी पावसाच्या जवळ नेली की उपसा कमी. पण लावणी पुढे गेली तशी कापणीही पुढे गेली. गव्हाच्या पेरणीची वेळ मात्र तिथेच राहिली. मधली खिडकी इतकी अरुंद झाली की खुंट काढायला सर्वांत स्वस्त आणि झटपट उपाय उरला तो काडेपेटीचा. आणि तो जाळ आता ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरात होऊ लागला, जेव्हा वारे मंदावतात आणि थंड हवा धूर जमिनीलगत दाबून धरते. पाण्याचे लक्ष्य ६.४ एका ठिकाणी थोडे सावरले आणि हवेशी निगडित ३.९ व ११.६ यांची किंमत शेकडो किलोमीटरवरच्या फुप्फुसांनी मोजली. यात कुणी खलनायक नाही. पाणी पाहणाऱ्यांनी पाणी पाहिले, आणि हवा पाहणारे दुसऱ्या इमारतीत बसत होते. खुंट जाळण्याची सगळी जबाबदारी या एका कायद्यावर टाकणे मात्र चूक ठरेल. यंत्राने होणारी कापणी, मजुरीचा खर्च आणि हमखास खरेदीमुळे पक्की झालेली भात-गव्हाची जोडी ही कारणे आधीपासून होतीच; कायद्याने तारीख हलवली, आणि तारीखच घातक निघाली.

बांगलादेशची कूपनलिकांची कथा याहून जड आहे. नदी-तळ्यांच्या गढूळ पाण्याने मुले हगवणीने दगावत होती, म्हणून १९७० च्या दशकापासून घरोघर कूपनलिका पोचवल्या गेल्या. जंतूंचा प्रश्न बराच हटला. १९९३ मध्ये त्या पाण्यात आर्सेनिक सापडले. सन २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत त्याचे वर्णन इतिहासातली सर्वांत मोठी सामूहिक विषबाधा असे झाले. मग मोहीम उलटी फिरली, दूषित कूपनलिका सोडा म्हणून. पुढच्या संशोधनाला काय दिसले? ज्यांना उथळ कूपनलिका सोडायला लावले त्या घरांत बालमृत्यू वाढले, कारण ती घरे लांबच्या किंवा जंतूंनी दूषित पाण्याकडे वळली. आर्सेनिक माणसाला दहा-वीस वर्षांत पोखरते, हगवण मुलाला दोन दिवसांत नेते. दोन्ही धोके ‘सुरक्षित पाणी’ या एकाच शब्दाखाली येतात. ट्रेड-ऑफ दुरुस्त करायला निघालो की तिथेही एक नवा ट्रेड-ऑफ उभा असतो, हे मी याच प्रकरणातून शिकलो.

आता संगणकाचे. आकडेवारीवरून तक्ता भरण्याची पद्धत आहे आणि ती प्रतिष्ठित आहे. प्रजाल प्रधान आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये देशोदेशीच्या निर्देशकांच्या जोड्या घेऊन त्यांचा सहसंबंध काढला, म्हणजे दोन आकडे एकाच दिशेने हलतात की उलट, हे उणे १ ते अधिक १ च्या पट्टीवर मोजले. सहसंबंध ०.६ च्या वर गेला तर सिनर्जी, उणे ०.६ च्या खाली गेला तर ट्रेड-ऑफ, मधले सगळे अनिर्णित. निष्कर्ष असा की गरिबी निर्मूलनाचे बहुतेक ध्येयांशी जमते आणि जबाबदार उपभोगाचे, म्हणजे ध्येय १२ चे, सर्वांत जास्त वाजते. अभ्यास म्हणून हे उत्तम आहे. आराखडा म्हणून मात्र त्याचा थेट उपयोग करू नका. देश श्रीमंत होतो तेव्हा बालमृत्यू घटतात आणि कच्च्या मालाचा वापर वाढतो. दोन रेषा उलट दिशेने गेल्या म्हणून मुलांना जगवल्याने खाणी वाढल्या असे कोणी म्हणणार नाही. पण तक्त्यात ती चौकट लाल होते. शिवाय सहसंबंधाला दिशा नसते. ऊर्जेचा आरोग्यावर परिणाम आणि आरोग्याचा ऊर्जेवर परिणाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, गणिताला त्या एकच. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, तो सहसंबंध आतापर्यंत जगाने जे केले त्याचे वर्णन आहे. तुम्हाला तर वेगळे काही करायचे आहे.

रोकड मदतीच्या योजनांचे उदाहरण मी नेहमी देतो, कारण त्यात सरासरीचा सगळा भ्रम उघडा पडतो. मेक्सिकोच्या ‘ओपोर्तुनिदादेस’ योजनेत गरीब कुटुंबांना मुलांची शाळा आणि आरोग्य तपासणी या अटींवर रोख रक्कम मिळे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाला दिसले की या योजनेमुळे जंगलतोड वाढली. हातात पैसा आल्यावर लोकांनी मांस आणि दूध जास्त घेतले, त्यासाठी कुरणे लागतात, आणि जिथे रस्ते वाईट होते तिथे ती कुरणे गावालगतचेच जंगल तोडून झाली. इंडोनेशियात अशाच धर्तीची योजना होती. २०२० मध्ये पॉल फेरारो आणि रिझकी सिमोरांगकीर यांनी सात हजारांहून अधिक गावांचा अभ्यास मांडला: योजना पोचलेल्या गावांत झाडोऱ्याचा ऱ्हास सुमारे ३० टक्क्यांनी घटला. तिथले शेतकरी पाऊस हुकला की जंगल साफ करून जास्त भात लावत. रोख मदत हाच त्यांचा विमा झाला. साधन एक, ध्येय १ (गरिबी) आणि ध्येय १५ (जमिनीवरचे जीवन, जंगले) यांची जोडी एक, चिन्हे दोन. दोन्ही देशांची सरासरी काढली तर उत्तर शून्याच्या आसपास येईल, आणि ते कुठेच खरे नसेल. मेक्सिकोच्या निकालात आणखी एक खोच आहे. जिथे रस्ते चांगले होते तिथे तोड कमी दिसली, पण वाढलेली मागणी हवेत विरली नव्हती. माल बाहेरून येऊ लागला, म्हणजे कुरण दुसऱ्या कुठल्या तरी नकाशावर गेले.

हीच खोच देशांच्या क्रमवारीत दिसते. शाश्वत विकासाच्या जागतिक निर्देशांकात फिनलंड, स्वीडन, डेन्मार्क वर्षानुवर्षे वरच्या जागा धरून आहेत. त्याच अहवालात त्यांचे ध्येय १२ (उपभोग) आणि १३ (हवामान) चे गुण लाल असतात, आणि आयातीतून परदेशांवर पडणारा बोजाही वेगळा दाखवलेला असतो. वरचा क्रमांक कसा येतो मग? सरासरीमुळे. समजा एका ध्येयात ९० गुण आणि दुसऱ्यात १०. साधी सरासरी ५०, म्हणजे बरे चाललेय. गुणाकाराचे वर्गमूळ घेतले तर ९०० चे ३०, म्हणजे काहीतरी गंभीर बिघडले आहे. मानव विकास निर्देशांकाने २०१० मध्ये नेमका हाच बदल केला, अंकगणिती सरासरी सोडून भूमितीय सरासरी घेतली, जेणेकरून एका बाजूची उणीव दुसऱ्या बाजूच्या भरभराटीने झाकता येऊ नये. तुमच्या आराखड्यात एकच एकूण गुण द्यायचा आग्रह वरून झालाच तर निदान हा बदल करून घ्या.

उलट दिशेची चूकही होते: नसलेला विरोध मांडून बसायचा. घरगुती गॅस हे त्याचे ठळक उदाहरण. तो जीवाश्म इंधन आहे, म्हणून ऊर्जा आणि हवामान यांच्या चौकटीत ताबडतोब उणे पडते. जगात सुमारे २०० कोटी लोक आजही लाकूड, शेण, कोळसा किंवा रॉकेल जाळतात. घरातल्या या धुराने वर्षाला सुमारे ३२ लाख लोक मरतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा २०२० सालचा अंदाज आहे. अर्धवट जळणारे लाकूड काजळी आणि मिथेन सोडते, आणि जिथे सरपण वाढीपेक्षा वेगाने तोडले जाते तिथे त्याचा कार्बनही परत शोषला जात नाही. हे सगळे धरले तर गॅसचा हवामानावरचा निव्वळ बोजा किरकोळ राहतो, काही ठिकाणी फायदाच निघतो. सरपणात जाणारे बाईचे तास वेगळेच. गरिबाच्या चुलीला हवामानाची शत्रू ठरवणारा तक्ता माझ्याकडे तपासायला आला तर मी तो परत पाठवतो. विजेची शेगडी त्याहून चांगली, हे मान्य. वीज दिवसभर टिकत असेल तर.

तरीही काही चौकटी खरोखरच उणे राहतात. रचना कितीही बदला, कोणीतरी गमावतोच. इंधनावरचे अनुदान काढणे हे त्यातले नमुनेदार काम, लक्ष्य १२.ग (इंग्रजीत १२.c). इक्वेडोरने ऑक्टोबर २०१९ मध्ये एका आदेशाने अनुदान काढले. देश रस्त्यावर आला आणि दोन आठवड्यांच्या आत आदेश मागे घ्यावा लागला. इराणने डिसेंबर २०१० मध्ये याहून कितीतरी मोठी दरवाढ केली. तिथे कुटुंबांच्या खात्यात रोख रक्कम आधीच जमा झाली होती, फक्त ती दरवाढीच्या दिवशीच काढता येणार होती. लोकांनी आपल्या खात्यातला आकडा आधी पाहिला, पंपावरचा नंतर. दरवाढ टिकली. पुढे महागाईने त्या रकमेची किंमत खाल्ली आणि सुधारणाही बऱ्याच अंशी ढासळली, हेही सांगितले पाहिजे. भरपाई एकदा ठरवून विसरण्याची गोष्ट नाही. पण पहिल्या दिवसाचा फरक क्रमात होता. ‘आधी सुधारणा, मग गरिबांचे बघू’ या क्रमाने केलेल्या योजना मी बऱ्याच तपासल्या. त्यांतला ‘मग’ फार क्वचित उगवतो.

काही विरोध तर फक्त झाकलेले असतात. १ जानेवारी २०२० पासून जहाजांच्या इंधनातल्या गंधकाची मर्यादा ३.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आली. किनाऱ्यालगतच्या लोकांची हवा सुधारली. पण गंधकाचे सूक्ष्म कण ढग उजळ करून थोडी उष्णता परतवत होते; ते गेले आणि दडलेली तापमानवाढ थोडी बाहेर आली. किती, यावर शास्त्रज्ञांचा वाद चालू आहे. म्हणून गंधक परत आणा असे कोणी शहाणा म्हणणार नाही. तक्त्यात मात्र हे उणे लिहिलेच पाहिजे, कारण ते लिहिले नाही तर कार्बन किती वेगाने कमी करायचा याचा हिशेब चुकतो.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पूर्ण तक्ता भरू नका. १७ ध्येयांच्या दिशेसह २७२ चौकटी होतात, १६९ लक्ष्यांच्या २८,३९२. स्वीडनसाठी नीना वाइट्झ आणि सहकाऱ्यांनी प्रत्येक ध्येयातून दोन अशी ३४ लक्ष्ये निवडली, तरी १,१२२ चौकटी झाल्याच; त्यांनी निदान एका परिणामातून पुढे होणारे परिणामही मोजले, म्हणून त्या कष्टांचे चीज झाले. तुमच्या आराखड्यात पैसा ज्या सात-आठ कामांवर जाणार आहे तेवढीच ओळींत घ्या. ध्येये नकोत, कामे. स्तंभांत त्या प्रदेशाला खरोखर भिडणारी वीसेक लक्ष्ये. चौकटीत चिन्हाआधी एक वाक्य लिहायचे: हे काम कोणत्या वाटेने त्या लक्ष्यापर्यंत पोचते. वाक्य लिहिता आले नाही तर चिन्हही लिहायचे नाही. आकडेवारी इथे उपयोगी पडते, ती वाक्य खरे की खोटे हे तपासायला.

आणि चिन्हाशेजारी दोन छोटे रकाने ठेवा, ‘कधी’ आणि ‘कोण’. ‘कधी’ पटकन भरतो. मुलींच्या शिक्षणाचा बालमृत्यूंवरचा परिणाम त्या मुली आई झाल्यावर दिसतो, धरणाचा माशांवरचा परिणाम दरवाजे बंद झाल्याच्या हंगामात. एवढे बहुतेकांना सांगता येते. ‘कोण’ मात्र बैठकीत रिकामाच राहतो, कारण ज्याची विहीर आटणार आहे तो बैठकीला नसतो. तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या नमुन्यात तर हा रकाना आखलेलाच नाही. तो आधी आखा, आणि तक्ता संगणकाला देण्याऐवजी उथळ विहिरीच्या मालकाकडे घेऊन जा. सौरपंपाच्या ओळीपासून सुरुवात केली तरी चालेल.